औषधाच्या चिठ्ठींतलें घर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉस्टन हें शहर आपल्या मराठी कुटुंबांना आतां परकें राहिलेलें नाहीं. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतून कोणाचा मुलगा, कोणाची भाची, कोणाचा जांवई त्या बाजूस शिकावयास किंवा नोकरीस गेलेला असतोच. आणि त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून परत आलेलीं वडील माणसें जें वर्णन करतात तें बहुधा ठराविक असतें. चार्ल्स नदीपलीकडील हार्वर्डचें १६३६ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ, १७७३ सालीं ज्याच्या पाण्यांत चहाच्या पेट्या फेकल्या गेल्या तें बंदर, शरदऋतूंत तांबडींपिवळीं होणारीं झाडें, आणि १६३४ सालापासून सर्व लोकांसाठीं म्हणून गांवाच्या मध्यभागीं राखून ठेवलेलें 'कॉमन' नांवाचें विस्तीर्ण मैदान. कुटुंबांत कोणी डॉक्टर असला तर तो आणखी एक स्थळ दाखवितो. मॅसॅच्युसेट्स जनरल या जुन्या रुग्णालयाच्या घुमटाखालीं एक दालन आहे. तेथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं इथरची भूल देऊन सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया करण्यांत आली, आणि शस्त्रवैद्याच्या सुरीचें मनुष्याला वाटणारें भय त्या दिवसापासून निम्मेंशिम्में ओसरलें.

मराठींत अमेरिकेचें वर्णन लिहिणाऱ्यांत पंडिता रमाबाई या अगदीं आरंभींच्या. १८८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासवृत्तांत इमारतींपेक्षां लोकांनीं चालविलेल्या संस्थांकडे अधिक लक्ष दिलेलें आहे. प्रवाशानें परदेशांत काय पाहावें याचा हा चांगला धडा होय. त्याच रीतीनें बॉस्टनची जी बाजू पाहुण्यांस सहसा दाखविली जात नाहीं, तिची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी असा या लेखाचा हेतु आहे.

कॉमनच्या कडेनें दक्षिणेस वळून चालूं लागलें म्हणजे अर्ध्यापाऊण तासांत 'साउथ एंड' नांवाची वस्ती लागते. तांबड्या विटांचीं एकसारखीं, एकाला एक लागून असलेलीं घरें, त्यांच्या पुढें दगडी पायऱ्या आणि लोखंडी कठडे असा तिचा थाट आहे. एके काळीं यांपैकीं पुष्कळ घरांतून मजुरांना व एकट्यादुकट्या माणसांना आठवड्याच्या भाड्यानें खोल्या मिळत. पुढें हीं घरें दुरुस्त होऊन श्रीमंतांकडे गेलीं, आणि खोलीवाला बाहेर पडला. याच वस्तींत हॅरिसन रस्त्यावर इटालियन धर्तीचा एक उंच विटांचा मनोरा दिसतो. ती इमारत मुळांत अग्निशामक दळाची. १९८० सालापासून तेथें 'पाइन स्ट्रीट इन' नांवाचा निराश्रितांचा निवारा आहे. ही संस्था १९६९ सालीं निघाली. त्याच रस्त्यावर पुढें 'रोझीज प्लेस' हें केवळ स्त्रियांसाठीं चाललेलें आश्रयस्थान लागतें. किप टीअरनन या बाईंनीं तें १९७४ सालीं काढलें, आणि त्या देशांतील अशा प्रकारचें तें पहिलें समजतात. त्यापूर्वीं भुकेल्या स्त्रिया पुरुषाचा वेष घेऊन पुरुषांच्या निवाऱ्यांत जेवणाच्या रांगेला उभ्या राहात, हें त्या बाईंच्या दृष्टीस पडलें होतें.

येथून आणखी थोडें दक्षिणेस गेलें कीं रुग्णालयांचें एक नगरच सुरू होतें. १८६४ सालीं गरिबांसाठीं म्हणून उघडलेलें 'बॉस्टन सिटी हॉस्पिटल' तें हेंच. १९९६ सालीं दुसऱ्या एका रुग्णालयाशीं त्याचें एकीकरण झालें आणि तें 'बॉस्टन मेडिकल सेंटर' या नांवानें चालूं लागलें. या नगराच्या कडेनें ऑल्बनी नांवाचा रस्ता जातो. आपल्याला जें घर पाहावयाचें आहे तें या रस्त्यावर, मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूच्या कोपऱ्याशीं आहे. परंतु त्याच्या दारांत जाण्यापूर्वीं तें कां बांधावें लागलें हें समजून घेतलें पाहिजे.

बॉस्टनचा हिंवाळा आपल्याकडील माणसाला कल्पनेनें कळत नाहीं. जानेवारींत रात्रीचें उष्णतामान शून्याच्या चार-पांच अंश खालीं असणें ही तेथें नित्याची गोष्ट; समुद्रावरून वारा सुटला कीं तोंडावर सुया टोंचल्यासारखें होतें. अशा रात्रीं स्टेशनच्या आडोशाला किंवा पदपथांत बसविलेल्या लोखंडी जाळ्यांवर, जेथून खालची ऊन हवा वर येते तेथें, घोंगड्यांचीं गाठोडीं पडलेलीं दिसतात. जवळून गेल्यावर ध्यानांत येतें कीं गाठोडें श्वास घेत आहे. एवढ्या संपन्न देशांत हें कसें, असा प्रश्न प्रत्येक प्रवाशाच्या मनांत येतो. मनोरुग्णालयें बंद करण्यांत आलीं, परंतु तेथून बाहेर पडलेल्यांची व्यवस्था पुरेशी झाली नाहीं; स्वस्त खोल्या नाहींशा झाल्या; भाडीं वेतनाच्या पुढें धांवलीं; आणि युद्ध, व्यसन, घटस्फोट, बाळपणींची मारहाण यांनीं मोडलेल्या माणसांना धरून ठेवणारें कोणी उरलें नाहीं. १९८० नंतरच्या काळांत अमेरिकेच्या मोठ्या शहरांतून अशा लोकांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली.

या लोकांच्या भोंवतीं जगांतील उत्तमांत उत्तम रुग्णालयें उभीं आहेत. चालत गेलें तर दहा मिनिटांवर एक, वीस मिनिटांवर दुसरें. मग त्यांच्या जखमा चिघळतात कां? सामान्य मनुष्य उत्तर देईल कीं पैसा नाहीं म्हणून. पण या संस्थानानें २००६ सालीं कायदा करून जवळजवळ सर्वांस आरोग्यविम्याखालीं आणलें. बेघरांपैकीं बहुतेकांस औषधपाण्याचा खर्च स्वतः करावा लागत नाहीं. तरीहि अडथळा राहिलाच. तो कोठें आहे हें पाहावयाचें असेल तर डॉक्टरनें लिहिलेली कोणतीहि साधी चिठ्ठी घ्यावी आणि ती घर नसलेल्या माणसाच्या डोळ्यांनीं वाचावी.

'तीन दिवस अंथरुणांत पडून राहा.' अंथरूण कोठलें? तेथील पुष्कळ निवारे केवळ रात्रीपुरते; सकाळीं सर्वांनीं बाहेर पडावयाचें, आणि ताप असो वा पाय सुजलेला असो, संध्याकाळपर्यंत रस्त्यांत हिंडावयाचें, ही तेथली जुनी रीत. 'पाय उंच ठेवा आणि जखम कोरडी ठेवा.' बर्फ वितळून झालेल्या चिखलांत तें कसें साधावें? 'इन्शुलिन थंड जागीं ठेवा.' थंड जागा भरपूर आहे, परंतु तींत तें गोठून निरुपयोगी होतें. शिवाय सुई बाळगणाऱ्याकडे पोलीस वेगळ्या नजरेनें पाहतात. 'सूज उतरण्यासाठीं ही गोळी घ्या, लघवी अधिक होईल.' ज्याला दिवसभरांत एकहि शौचकूप उघडें मिळत नाहीं, तो ही गोळी दुसऱ्या दिवशीं फेकून देतो. आणि डॉक्टर त्याच्या कागदावर लिहितो कीं रोगी आज्ञा पाळीत नाहीं. 'पुढील महिन्यांत अमुक तारखेस या, पत्र पाठवूं.' पत्र कोणत्या पत्त्यावर? आणि भेटीची वेळ दुपारीं चारची असली तर निवाऱ्याच्या रांगेंतील जागा जाते, म्हणजे त्या रात्रीचें छप्पर जातें. खाट कीं डॉक्टर, अशी निवड रोज करावी लागली तर आपण तरी काय निवडूं?

या सर्वांवर कडी म्हणजे लाज. अंगाला वास येत असलेल्या माणसाला प्रतीक्षागृहांत बसल्यावर शेजारचा उठून जातो हें दिसतें. चार वेळां असें झालें कीं तो पांचव्यांदा येत नाहीं. येतो तो रुग्णवाहिकेंतून, बेशुद्धावस्थेंत.

आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी आजारी पडलें म्हणजे काय होतें तें आठवून पाहा. डॉक्टर येऊन चिठ्ठी लिहून जातो. त्यानंतरचें सर्व घर करतें. एक जाऊ पेज ढवळते, दुसरी मुलांना दुसऱ्या खोलींत नेते. सासूबाई रात्रीं दोन वाजतां न सांगतां उठून मात्रा देतात. धाकटा दीर ताप किती हें कागदावर मांडतो, आणि एरवीं कोणाशीं न बोलणारे काका रुग्णाला हाताला धरून दवाखान्यांत नेतात. यांतल्या एकाहि गोष्टीला आपण उपचार म्हणत नाहीं; कारण ती कोणी विकत आणीत नाहीं. पण ती काढून घेतली तर चिठ्ठी हा नुसता कागद उरतो. प्रत्येक वैद्य आपल्या रोग्याला घर आहे असें न बोलतां गृहीत धरीत असतो, ही गोष्ट घर असलेल्यांच्या कधींच लक्षांत येत नाहीं.

बॉस्टनमध्यें ही गोष्ट कांहीं लोकांच्या लक्षांत आली ती १९८५ च्या सुमारास. १९८४-८५ सालीं तेथील एका मोठ्या निवाऱ्यांत क्षयाची सांथ पसरली; आणि हा क्षय नेहमींच्या औषधांना न जुमानणारा होता. क्षयाचें औषध महिनेच्या महिने, एकहि दिवस न चुकतां घ्यावयाचें असतें, आणि तें ज्यांना द्यावयाचें त्यांचा ठावठिकाणा नाहीं, अशी अडचण. त्याच सुमारास दोन मोठ्या दानशील संस्थांनीं देशांतील १९ शहरांना बेघरांच्या औषधोपचारासाठीं प्रायोगिक मदत दिली. बॉस्टन हें त्यांपैकीं एक. 'बॉस्टन हेल्थ केअर फॉर द होमलेस प्रोग्रॅम' ही संस्था अशा रीतीनें १९८५ सालीं उभी राहिली. तिचा पहिला डॉक्टर म्हणून मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत नुकतेंच शिक्षण संपविलेले जेम्स ओकॉनेल यांस वर्षभरासाठीं बोलावण्यांत आलें. त्यांस कर्करोगाच्या पुढील अभ्यासासाठीं न्यूयॉर्कला जावयाचें होतें. परंतु तें वर्ष पुढें चाळीस वर्षांचें झालें.

हे तरुण डॉक्टर गळ्यांत नळी अडकवून पाइन स्ट्रीटच्या निवाऱ्यांत गेले तेव्हां तेथें परिचारिकांनीं चालविलेला एक लहान दवाखाना आधींपासूनच होता. त्यांच्यापैकीं प्रमुख बार्बरा मॅकिनिस या बाई. संन्यास न घेतां संत फ्रान्सिसच्या संप्रदायाचें व्रत पाळणाऱ्या, अत्यंत साध्या, बोलण्यांत रोखठोक. डॉक्टर उतावीळ असतात, भराभर प्रश्न विचारतात, आणि या लोकांना नेमकी त्याचीच भीति वाटते, असें त्यांनीं ओकॉनेल यांस बजावलें. आणि नळी बाजूला ठेवून आधीं लोकांचे पाय धुण्यास सांगितलें. म्हणून मोठ्या विद्यापीठांतून बाहेर पडलेला तो वैद्य महिना-दोन महिने रोज संध्याकाळीं जमिनीवर बसून, पाण्याच्या घमेल्यांत म्हाताऱ्यांचे पाय धूत राहिला.

यांत नुसती नम्रतेची शिकवण नव्हती, वैद्यकहि होतें. दिवसभर ओल्या बुटांत उभा राहणाऱ्या माणसाचे पाय पांढरे पडतात, सुरकुततात, सुन्न होतात, आणि पुढें कुजूं लागतात. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील शिपायांना हा रोग होई. शांततेच्या काळांत तो शहराच्या रस्त्यांवर होतो. पाय पाहिला म्हणजे मधुमेह दिसतो, हृदयाची सूज दिसते, व्यसन दिसतें, आणि माणूस किती चालला आहे तेंहि दिसतें. शिवाय पाय धुणारा खालीं बसतो आणि रोगी वर खुर्चींत बसतो. बोलावयाचें कीं नाहीं हें रोग्यानें ठरवावयाचें. वर्षानुवर्षें कोणत्याहि डॉक्टराला जवळ येऊं न देणारा, मनाचा तोल गेलेला एक वृद्ध तेथें येत असे. कित्येक आठवडे त्यानें मुकाट्यानें पाय धुवून घेतले; मग एके दिवशीं डॉक्टर असून हें काय करतां, असें आश्चर्य करून त्यानें आपण होऊन आपल्या झोपेचें रडगाणें सांगितलें. त्या दिवसापासून त्याचे खरे उपचार सुरू झाले. दारीं आलेल्या पाहुण्याला प्रथम पायांवर घ्यावयास पाणी द्यावें, ही आपल्याकडील रीत काय सांगते? कोण, कोठला, कशासाठीं आलास, हे प्रश्न मागून. आधीं तूं थकलेला आहेस हें आम्हीं ओळखलें.

१९८६ सालापासून या संस्थेचे लोक निवाऱ्याच्या रात्रींच्या मोटारींतून फिरूं लागले. गाडींत ऊन सूप, पाव, मोजे आणि घोंगड्या, बरोबर डॉक्टर. गाडी पुलाखालीं थांबते, कोणीतरी उतरून गाठोड्याजवळ उकिडवें बसतो, नांवानें हांक मारतो, आणि सूपचा पेला पुढें करतो. जिवंत आहे ना, पायांना जाणीव आहे ना, एवढेंच त्या रात्रीं पाहावयाचें. जो नको म्हणेल त्याच्याकडे परत दुसऱ्या आठवड्यांत जावयाचें, आणि तिसऱ्यांतहि. या कामांत घाई करून कोणी बरा झालेला नाहीं, हा तेथील लोकांचा अनुभव. आठवड्यांतून एक दिवस मॅसॅच्युसेट्स जनरलमध्येंच या रस्त्यावरच्या लोकांचा दवाखाना भरतो. रात्रीं पुलाखालीं ज्यानें हांक मारली तोच चेहरा तेथें दारांत दिसतो; म्हणून माणूस आंत येतो. प्रत्येक रोग्याची माहिती यंत्रावर अशी ठेवलेली असते कीं तो कोणत्याहि निवाऱ्यांत गेला तरी त्याचा कागद त्याच्या आधीं तेथें पोंचलेला असावा. घरांतल्या माणसांना आपलें दुखणें पाठ असतें. ज्याला घर नाहीं त्याचें दुखणें कोणालातरी पाठ असावें, असा यांतला अर्थ.

आतां आपण ऑल्बनी रस्त्यावरील त्या घरापाशीं आलों. रुग्णालयांतून सोडलेला मनुष्य, पाय मोडलेला, पोटावर ताजे टांके असलेला, कर्करोगाचीं औषधें चाललेला, घरीं जाण्याइतका बरा झालेला असतो. पण रस्त्यावर जाण्याइतका नव्हे. रुग्णालयाला त्याला ठेवून घेतां येत नाहीं आणि निवाऱ्याला त्याची शुश्रूषा करतां येत नाहीं. या मधल्या दिवसांसाठीं संस्थेनें १९८५ सालींच एका सरकारी निवाऱ्यांत २५ खाटा मिळविल्या. १९९३ सालीं जमेका प्लेन या भागांत एक स्वतंत्र इमारत घेऊन तिला बार्बरा मॅकिनिस यांचें नांव देण्यांत आलें. बाई तेव्हां हयात होत्या, त्या २००३ सालीं वारल्या. २००८ सालीं हें 'बार्बरा मॅकिनिस हाउस' ऑल्बनी रस्त्यावरील मोठ्या इमारतींत आलें. तेथें १०४ खाटा आहेत.

ही इमारत पूर्वीं काय होती हें ऐकून मनुष्य क्षणभर थांबतो. सिटी हॉस्पिटलची शवपरीक्षेची जागा आणि शहराचें प्रेतागार येथें होतें. रस्त्यावर मेलेल्या बेवारशांना शेवटीं जेथें आणून ठेवीत, त्याच भिंतींच्या आंत आतां त्यांच्यासारख्यांना स्वच्छ चादर, तीन वेळचें जेवण, वेळेवर औषध आणि पाय वर ठेवून पडण्याची मुभा मिळते. हें रुग्णालय नव्हे, येथें मोठीं यंत्रें नाहींत; आणि धर्मादाय निवाराहि नव्हे, कारण येथें सकाळीं कोणी बाहेर काढीत नाहीं. अंथरूण आहे, शौचकूप जवळ आहे, इन्शुलिनसाठीं थंड पेटी आहे, आणि रात्रीं दोन वाजतां उठून मात्रा देणारें कोणी आहे. आपल्या घरांतील जावासासवा जें न सांगतां करतात, तेंच या घरांत वेतन घेणारीं माणसें शिकून करतात. इमारतीच्या खालच्या भागांत दवाखाना आहे. आणि २०१६ सालीं तेथें अशी एक खोली उघडण्यांत आली कीं जींत अमलानें शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला परिचारिकेच्या नजरेखालीं बसवून ठेवतात, म्हणजे त्याचा श्वास गटारीच्या कडेला बंद पडूं नये.

एवढें वाचून कोणास वाटेल कीं बॉस्टननें हा प्रश्न सोडविला. तसें झालेलें नाहीं, आणि तेथील लोक तसें म्हणतहि नाहींत. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, उघड्यावर झोंपणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण त्या संस्थानांतील इतर प्रौढांच्या जवळजवळ दसपट आणि निवाऱ्यांत झोंपणाऱ्या बेघरांच्या सुमारें तिप्पट होतें. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, हे मृत ज्या शहरांतले होते तेथें डॉक्टर त्यांच्या अंथरुणाशीं जात होता. पूर्वीं एड्सनें लोक मरत. त्यावर औषध निघालें तों अफूच्या जातीच्या विषारी द्रव्यांनीं त्याची जागा घेतली. २०१४ च्या ऑक्टोबरांत बंदरांतील लाँग आयलंड बेटाचा पूल मोडकळीस आला म्हणून एकाएकीं बंद झाला, आणि त्या बेटावरील निवारे व व्यसनमुक्तीचीं केंद्रें एका रात्रींत रिकामीं करावीं लागलीं. पुढें याच मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूच्या आसपास तंबूंची वस्ती वाढली. २०२३ च्या नोव्हेंबरांत शहरानें ते तंबू उठविले. तंबू उठविल्यानें माणसें नाहींशीं होत नाहींत, हें निराळें सांगावयास नको.

२०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत तर या विषयाचें मर्म सर्व जगापुढें उघडें झालें. त्या वेळीं सर्व राष्ट्रांच्या सरकारांनीं प्रजेला एकच औषध सांगितलें: घरीं राहा. बॉस्टनच्या एका निवाऱ्यांत एप्रिल महिन्यांत ४०८ जणांची तपासणी केली तेव्हां १४७ जणांस लागण झालेली निघाली, आणि त्यांपैकीं बहुतेकांत कसलेंच लक्षण नव्हतें. त्यांना राहावयास घर कोठलें? या संस्थेनें प्रथम तंबू ठोकले, आणि मग शहराच्या प्रदर्शनगृहांत उभारलेल्या १००० खाटांच्या तात्पुरत्या रुग्णालयांपैकीं निम्म्या खाटा बेघरांसाठीं राखण्यांत आल्या. आणीबाणीच्या वेळीं अर्ध्या महिन्यांत जें करतां आलें तें एरवीं कां होत नाहीं, हा प्रश्न त्या शहरापुढें आजहि उभा आहे. औषध द्या, पाय धुवा, रात्रभर फिरा. पण अखेरीस या रोगाचा उतारा घर हाच, असें या कामांत आयुष्य घालविलेले लोक सांगतात.

परदेशची एवढी हकीकत सांगण्याचें कारण उघड आहे. २०११ च्या शिरगणतींत आपल्या देशांत बेघरांची संख्या १७ लाखांवर भरली; आणि मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागें एक तरी निवारा असावा असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं सांगितलें. परंतु आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे, जो बॉस्टनमध्यें एवढ्या प्रमाणांत दिसत नाहीं. मुंबईस परळ भागांत १९२६ सालीं उघडलेलें के. ई. एम. आणि १९४१ सालचें टाटा रुग्णालय यांच्या आसपासच्या पदपथांवर ताडपत्रीखालीं जीं कुटुंबें दिसतात, त्यांपैकीं पुष्कळांना घर आहे. तें विदर्भांत, बिहारांत, बंगाल्यांत शेंकडों कोसांवर आहे. कर्करोगाचे उपचार महिनोन् महिने चालतात, आणि तोंपर्यंत गांवीं घर असलेला मनुष्य शहरांत बेघर होतो. बॉस्टनचा मनुष्य घर नसल्यामुळें उपचाराला मुकतो. आमचा मनुष्य उपचारासाठीं घराला मुकतो. जवळ चूल असावी, पाण्याचा नळ असावा, उलटी झाली तर तोंड धुवावयास जागा असावी, या दोघांच्याहि गरजा अगदीं एकच आहेत.

ही गरज ओळखणारा मनुष्य आपल्याकडे होऊन गेला. गाडगेमहाराज १९५६ सालीं वारले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या. स्वतः मात्र त्यांच्या छपराखालीं राहण्याचा मोह ठेवला नाहीं. मुंबईंत दादरला त्यांच्या नांवानें चालणारी धर्मशाळा टाटा रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या बाहेरगांवच्या रोग्यांना व त्यांच्या माणसांना आसरा देते. तीर्थाच्या ठिकाणीं धर्मशाळा हवी हें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. रुग्णालय हेंहि आतां एक तीर्थच झालें आहे, आणि तेथें येणारा यात्रेकरू अधिक थकलेला असतो. अशा जागा मागणीच्या मानानें फार थोड्या आहेत, हें परळच्या पदपथावरून एकदां सायंकाळीं चालत गेलें म्हणजे कोणासहि कळेल.

सुशिक्षित कुटुंबांनीं यांत काय करावें? ज्यांस द्रव्य देतां येईल त्यांनीं अशा धर्मशाळांस द्यावें. ज्यांच्या घरीं कोणी डॉक्टर असेल त्यानें चिठ्ठी लिहितांना एक जास्त प्रश्न विचारावा: येथून तूं कोठें जाणार? आणि ज्यांच्या हातून यांतलें कांहींच होणार नाहीं, त्यांनीं निदान आपल्या दारापुरतें पाहावें. भांडीं घासणाऱ्या बाईला डॉक्टरनें आठ दिवस विश्रांति सांगितली, किंवा इमारतीच्या रखवालदाराला रोज तीन वेळां जेवणानंतर गोळी घ्यावयास सांगितली, तर ती विश्रांति कोणत्या खोलींत होणार आणि तें तिसरें जेवण कोठून येणार, हें त्यांना एकदां विचारावें. उत्तर ऐकल्यावर काय करावयाचें तें आपलें आपल्यास सुचेल.